उष्टावणानंतरचा दुसरा दिवस

मूल सहा महिन्यांचे झाले, की घरात उष्टावणाची बोलणी सुरू होतात. पंचांग काढले जाते, मामाला निरोप जातो आणि जमल्यास कुलदेवतेच्या देवळातच हा संस्कार व्हावा, अशी आजीची इच्छा असते. ठरल्या दिवशी मूल मामाच्या मांडीवर बसते. देवाला नैवेद्य दाखविलेली खीर चांदीच्या वाटीत येते आणि मामा तिचा थेंबभर मुलाच्या ओठांना लावतो. मूल तोंड वाकडे करते, जमलेली मंडळी हसतात, आणि जन्मापासून केवळ दुधावर वाढलेला जीव अन्न खाणाऱ्या माणसांच्या पंक्तीत दाखल होतो.

हा सोहळा आपल्या परिचयाचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या वाटीत काय पडते, हा प्रश्न मात्र पंचांगात नसतो आणि निमंत्रणपत्रिकेतही नसतो. मुलाला वरचे अन्न कधी द्यावे, कोणते द्यावे आणि किती द्यावे, याविषयी वैद्यांनी व डॉक्टरांनी आईबापांना दोन हजार वर्षे उपदेश केला आहे. तो उपदेश एका जागी स्थिर राहिलेला नाही. गेल्या दीडशे वर्षांतच तो वर्षाच्या उंबरठ्यापासून जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत गेला आणि पुन्हा सहाव्या महिन्यावर परतला. एवढा मोठा झोका का घेतला गेला, हे समजून घेतले म्हणजे आपल्या घरातील वाटीकडेही आपण अधिक डोळसपणे पाहू शकू.

प्रारंभ आपल्या ग्रंथांपासून करू. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशनाचा काळ सहावा महिना सांगितला आहे. तेथे अन्नाची निवड फळाच्या इच्छेप्रमाणे दिली आहे: अन्नसमृद्धी हवी त्याने बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे त्याने तित्तिर पक्ष्याचे मांस, तेज हवे त्याने तूपभात द्यावा, आणि दही, मध व तूप मिसळलेले अन्न मुलाला भरवावे. मनुस्मृतीही सहावा महिनाच सांगते. पण कुळाचा जो मंगल आचार असेल त्याप्रमाणे करण्याची मोकळीक ठेवते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वैद्याच्या भूमिकेतून सहाव्या महिन्यात मुलाला हलके व हितकर अन्न द्यावे, असे म्हटले आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांचा स्वतंत्र ग्रंथ. त्याची पोथी नेपाळात सापडली आणि पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक पायरी आहे: सहाव्या महिन्यात फळे आणि दात आल्यानंतर, दहाव्या महिन्यात, अन्न.

म्हणजे आपल्या परंपरेतही एकच एक आज्ञा नव्हती. सूत्रकाराची दृष्टी संस्काराची, वैद्याची दृष्टी पचनशक्तीची आणि मुहूर्तकाराची दृष्टी आणखी निराळी. त्याने मुलग्यासाठी सहावा, आठवा असे सम महिने आणि मुलीसाठी पाचवा, सातवा असे विषम महिने सांगितले. तथापि सहाव्या महिन्याच्या आसपास सर्वांची नजर स्थिरावते, हे उघड आहे.

ही नजर केवळ आपलीच नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये व्यवसाय करणारा इफेससचा ग्रीक वैद्य सोरेनस याने स्त्रिया व अर्भके यांवर मोठा ग्रंथ लिहिला. जन्मानंतर चाळीस दिवसांतच मुलाला धान्याचे पदार्थ चारणाऱ्या बायांना त्याने दोष दिला आहे. शरीर दृढ होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, दूधच द्यावे आणि मग मधाच्या पाण्यात किंवा दुधात भिजविलेला पावाचा चुरा थोडा थोडा सुरू करावा, असे त्याचे मत होते. परस्परांचे ग्रंथ ज्यांनी पाहिले असण्याचा संभव नाही, असे दूरदूरचे वैद्य एकाच वयापाशी येऊन थांबावेत, याचे कारण मुलाच्या देहातच आहे. या सुमारास मूल मान धरते, आधाराने बसते, तोंडात घातलेला पदार्थ जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत सवय मावळते आणि दुसऱ्याच्या घासाकडे ते हात पसरू लागते. डोळे उघडे ठेवून मुलाकडे पाहणाऱ्याला एवढे दिसत होते.

पण जेथे आईचे दूध मिळत नसे किंवा दिले जात नसे, तेथे हे पाहणे पुरेसे पडले नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडात पाण्यात अथवा दुधात शिजविलेल्या पावाची लापशी अगदी कोवळ्या अर्भकांनाही होडीच्या आकाराच्या छोट्या भांड्यातून पाजली जाई. टाकून दिलेल्या मुलांसाठी लंडनमध्ये १७४१ साली जे अनाथालय उघडले, त्याच्या चालकांपुढे हा प्रश्न फार क्रूर स्वरूपात उभा होता. दाईच्या दुधावर वाढलेली मुले तगत आणि लापशीवर ठेवलेली मुले पटापट दगावत. डॉक्टर विल्यम कॅडोगन याने १७४८ साली या संस्थेच्या एका चालकाला पत्ररूपाने एक निबंध लिहिला. मुलांना घट्ट गुंडाळून ठेवणे, वेळी-अवेळी कोंबून भरविणे आणि दूध असताना लापशी पाजणे या तिन्हींवर त्याने कठोर टीका केली. बालसंगोपन हा विषय केवळ बायकांच्या हाती राहू नये, अशी त्याची इच्छा होती. ती पुढे इतकी फळास आली, की शंभर-दीडशे वर्षांनी आयांना बोलायला जागाच उरली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे वाढली, गाईचे दूध लांबून आणि उघड्या भांड्यांतून येऊ लागले, आणि उन्हाळा आला की हजारो मुले अतिसाराने मरू लागली. याच काळात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचे बालान्न आणि स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले याचे १८६७ सालचे दूध-पिठाचे बालान्न बाजारात आले. न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांनी १८९४ साली मुलांची निगा व आहार यांवर प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटे पुस्तक काढले. ते अमेरिकेतील घराघरांत गेले. त्यांचा कटाक्ष घड्याळावर, मापावर आणि सावधगिरीवर होता. पहिले जवळजवळ वर्षभर मुख्य आहार दूधच. इतर अन्न फार उशिरा, फार थोडे आणि फार भीत भीत द्यावयाचे. आज हा उपदेश अतिरेकी वाटतो. परंतु प्रत्येक उन्हाळ्यात वॉर्डातील खाटा रिकाम्या होताना ज्याने पाहिल्या, त्याने प्रत्येक नव्या पदार्थाकडे शत्रू म्हणून पाहिले, यात नवल नाही. ही भीती खरी होती. मात्र घाणेरड्या दुधाविषयीची भीती सर्वच अन्नावर लादली गेली, ही चूक झाली.

त्या चुकीचे परिणामही मुलांनीच भोगले. थॉमस बार्लो या इंग्रज डॉक्टराने १८८३ साली दाखवून दिले, की हाडे दुखून मुले अंगाला हात लावू देत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, तो आजार म्हणजे खलाशांना होणारा स्कर्व्हीच आहे. तो बहुधा डबाबंद व कृत्रिम अन्नावर वाढणाऱ्या, म्हणजे पुष्कळदा सुखवस्तू घरांतील मुलांना होई. ताज्या रसाने मूल थोड्याच दिवसांत सुधारे. १९१२ साली कासिमिर फुंक याने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द घडविला आणि जीवनसत्त्वांचे युग सुरू झाले. संत्र्याचा रस आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल अगदी लहान मुलांच्या तोंडी जाऊ लागले. मागून गाळलेल्या भाज्या आल्या. १९२८ साली अमेरिकेतील फ्रीमाँट गावी गर्बर कंपनीने त्या डब्यांत भरून विकावयास घेतल्या. टोरोंटोच्या बालरुग्णालयातील टिसडॉल, ड्रेक आणि ब्राऊन या डॉक्टरांनी १९३०च्या सुमारास पॅब्लम नावाचे शिजवून वाळविलेले धान्याचे बालान्न तयार केले.

आता झोका दुसऱ्या टोकाकडे निघाला. अन्नात जीवनसत्त्वे आहेत, मग ती लवकर दिलेली बरी. डबा निर्जंतुक आहे, मग भीती कशाची, असा हा तर्क होता. मियामीचे डॉक्टर वॉल्टर सॅकेट यांनी १९५३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आणि पुढे १९६२ सालच्या पुस्तकात जो क्रम सांगितला, तो वाचून आपल्या आज्यांनी कपाळाला हात लावला असता: जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धान्याची लापशी आणि दहाव्या दिवशी गाळलेल्या भाज्या! सर्व डॉक्टर इतके पुढे गेले नव्हते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या आहारसमितीने १९५८ सालीच सांगितले, की अडीच-तीन महिन्यांपूर्वी असे अन्न देण्यात काही लाभ दिसत नाही. पण शेजारणीचे मूल दीड महिन्यात वाटीभर खाते, हे ऐकलेल्या आईला समितीचा ठराव फारसा थांबवू शकला नाही. लवकर खाणे ही मुलाच्या प्रगतीची आणि आईच्या कर्तबगारीची खूण होऊन बसली.

या दोन्ही टोकांच्या मधोमध एका स्त्रीडॉक्टरने केलेला एक प्रयोग विशेष स्मरणीय आहे. क्लारा डेव्हिस यांनी नुकतेच दूध सुटलेल्या मुलांपुढे साधे, ताजे, न मिसळलेले अनेक पदार्थ मांडले आणि दायांना ताकीद दिली, की मुलाने बोट दाखविल्याखेरीज घास भरवायचा नाही, आग्रहही करायचा नाही. १९२८ साली त्यांनी पहिली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे पंधरा मुलांचा वृत्तान्त त्यांनी १९३९ साली मांडला. प्रत्येक मुलाची आवड निराळी निघाली, रोजचे खाणे विचित्र दिसे. पण सर्व मुले सुदृढ वाढली. यावरून मुलाला सर्व कळते, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना त्यांनी स्वतःच सावध केले: मुलापुढे मांडलेले सर्वच पदार्थ चांगले होते, खरी युक्ती त्या यादीत होती. काय मांडावे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खावे हे मुलाने, हा विवेक त्यातून निघतो. तो आजही शिळा झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झोका परतू लागला. लवकर सुरू केलेल्या अन्नाने आईचे दूध कमी होते, कोवळ्या मूत्रपिंडावर मिठाचा भार पडतो आणि गरिबाघरी अस्वच्छ पाण्यातून अतिसार शिरतो, हे ध्यानात येत गेले. ब्रिटनच्या सरकारी समितीने १९७४ साली चार महिन्यांपूर्वी घन अन्न नको, असे सांगितले. १९७९ साली जिनीव्हा येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या बैठकीने चार ते सहा महिने हा काळ ठरविला आणि २००१ साली जागतिक आरोग्य सभेने पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न, असा ठराव केला. भारताने १९९२ साली बालदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व बालान्न यांच्या विक्रीवर व जाहिरातीवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला.

तेव्हा फिरून आपण सुश्रुताच्याच सहाव्या महिन्यावर आलो, असे म्हणून टाळ्या पिटण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरावा, असे मला वाटते. आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण मधाचे. सूत्रकाराच्या अन्नप्राशनात मध आहे, सोरेनसच्या लापशीतही मध आहे. परंतु १९७६ साली अमेरिकेत तान्ह्या मुलांना होणाऱ्या बोट्युलिझम या आजाराची ओळख पटली. त्याचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते निष्प्रभ ठरतात, पण तान्ह्या मुलाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात आणि मूल लुळे पडू शकते. म्हणून पहिले वर्ष पुरे होईपर्यंत मुलाला मध चाटवू नये, असे आज डॉक्टर एकमुखाने सांगतात. उष्टावणाच्या वाटीतून मध वगळल्याने संस्कारात उणे येत नाही. मनूने कुळाच्या आचाराला जशी जागा ठेवली, तशी जागा या ज्ञानालाही ठेवता येईल.

दुसरे कारण असे, की डॉक्टरांचे मतही अजून चालते-फिरते आहे, आणि तसे ते असावे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी २००० साली सांगितले होते, की ज्यांच्या घराण्यात ॲलर्जीचा दोष आहे त्या मुलांना भुईमूग तीन वर्षांपर्यंत देऊ नये. आठ वर्षांनी, २००८ साली, हा सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी असे दिसून आले, की ब्रिटनमधील ज्यू मुलांत भुईमुगाची ॲलर्जी इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट आहे. आणि इस्रायलमध्ये तर मुले पहिल्या वर्षातच भुईमुगाचा खाऊ खातात. मग गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ६४० मुलांवर चाचणी घेतली. २०१५ साली निष्कर्ष आला, की चार ते अकरा महिन्यांच्या वयात भुईमूग सुरू करून तो चालू ठेवलेल्या मुलांत पाच वर्षांच्या वयात ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. जपण्यासाठी दिलेला सल्लाच काही मुलांना भोवला असावा, हे मान्य करण्यास मोठे मन लागते. अर्थात् अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो, तेव्हा तो कुटून वा वाटूनच द्यावयाचा. आणि इसब किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावयाचे.

तिसरे कारण सर्वांत जिव्हाळ्याचे आहे. सहावा महिना आपल्या ग्रंथांत आहे, पण तो आपल्या घरांत आहे काय? २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी केवळ ४५.९ टक्के मुलांना आईच्या दुधाबरोबर घन अथवा निमघन अन्न मिळत होते. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार फक्त ११.३ टक्के मुलांना मिळत होता. या आकड्यांत गरिबी आहे, यात शंका नाही. पण त्यात खाऊनपिऊन सुखी घरेही आहेत. जन्मताना मुलाने आईकडून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचे दूध पिणाऱ्या मुलालाही दिवसाला सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. वर्षानंतर त्या सुमारे ५५० होतात. मुहूर्त मिळाला नाही म्हणून उष्टावण आठव्या महिन्यावर गेले आणि तोवर वाटी रिकामीच राहिली. किंवा उष्टावण वेळेवर झाले, पण दुसऱ्या दिवसापासून वरणावरचे पाणी आणि भाताची पातळ निवळ एवढ्यावरच महिना गेला, तर मुलाच्या वाढीचा तो काळ परत येत नाही. पोट पाण्याने भरते आणि मूल शांत झोपते. आईला समाधान वाटते, देह मात्र उपाशी राहतो.

येथे आपल्याच एका जुन्या पाककृतीची आठवण करून देणे उचित होईल. कोकणात व गोव्यात नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून आणि गाळून केलेले सत्त्व मुलांना देण्याची रीत आहे. मोड आलेल्या धान्यात पिष्टाचे तुकडे करणारे एक द्रव्य तयार होते. घट्ट शिजविलेल्या लापशीत मोडाचे थोडे पीठ मिसळले, की ती पाणी न घालताच सैल होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत अधिक अन्न मावते आणि मुलाला ते गिळताही येते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास केला आणि बालाहारात तिचा उपयोग कसा करावा, हे दाखविले. मोडाच्या धान्याचे हे गुण आपल्या आज्यांना हातांनी ठाऊक होते. विद्यापीठाने त्याचे कारण सांगितले आणि माप बांधून दिले. परंपरा व विज्ञान यांनी परस्परांशी कसे वागावे, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

मात्र नाचणी एकटी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात अन्नाच्या विविधतेवर भर आहे: रोज भाज्या व फळे, रोज अंडी, मासे वा मांस यांपैकी काही, आणि जेथे ते मर्यादित आहे तेथे डाळी, कडधान्ये, दाणे व तीळ वारंवार. मासळी खाणाऱ्या घराने काटे नीट काढून मासा द्यावा. शाकाहारी घराने घट्ट वरण, मऊ भात, कुस्करलेली भाजी, कुटलेले दाणे आणि घरचे तूप यांची जोड घालावी, आणि लोहाविषयी डॉक्टरांशी बोलावे. अन्न चमच्यावरून ओघळून जाईल इतके पातळ नसावे. मुलाने मान फिरविली की थांबावे. पण पहिल्या दिवशी थुंकले म्हणून तो पदार्थ कायमचा सोडू नये.

दोन हजार वर्षांच्या या वृत्तान्ताकडे एकवार मागे वळून पाहिले, तर काय दिसते? मूल बदलले नाही. ते पूर्वीइतक्याच दिवसांनी मान धरते आणि बसते. डॉक्टरांना ज्या वेळी ज्याचे भय वाटले, त्याप्रमाणे त्यांचा उपदेश बदलला. दुधाचे भय वाटले तेव्हा अन्न दूर गेले. जीवनसत्त्वांच्या अभावाचे भय वाटले तेव्हा अन्न पाळण्यापर्यंत आले. पुढे ॲलर्जीचे भय वाटले, तेव्हा भुईमूग दूर गेला. ज्यांनी आपले मत तपासून पाहिले आणि चुकले तेथे उघडपणे बदलले, त्यांच्यामुळेच आज आपल्याला अधिक नेमके सांगता येते. तपासण्याची हीच वृत्ती आपल्या कुळाचारांविषयीही आपण बाळगावी.

उष्टावण देवासमोर व्हावे, मामाने मांडीवर घ्यावे, आजीने दृष्ट काढावी. यात सुंदर तेवढे सर्व राहू द्यावे. मुहूर्त लांबला तर संस्कार थांबला तरी चालेल, मुलाचे अन्न थांबू नये. आणि पाहुणे गेल्यावर, चांदीची वाटी पुसून कपाटात ठेवल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या साध्या वाटीत दोन-तीन चमचे मऊ, घट्ट, ताजे अन्न मुलापुढे यावे. महिन्यागणिक ते वाढत जावे. देवाला दाखविलेला नैवेद्य मुलाच्या अंगी लागतो, तो या दुसऱ्या दिवसापासून.